तपासलं कोणी?

सिक्युरिटी क्वेश्चनेअर नावाची एक्सेल शीट ज्यांना कधी भरावी लागली नाही, ते लोक सुखी आहेत. बाकीच्यांसाठी सांगते. तुमच्या कंपनीनं एखाद्या मोठ्या परदेशी कंपनीला सॉफ्टवेअर विकायचं ठरवलं, की सही होण्याआधी तिकडून एक शीट येते. दोनशेच्या वर प्रश्न. पासवर्ड कसे साठवता, ऑफिसच्या दाराला कार्ड लागतं का, आग लागली तर बॅकअप कुठे, वगैरे वगैरे. ही शीट कुणाच्या गळ्यात पडते? तर त्या आठवड्यात जो मीटिंगमध्ये सगळ्यात गप्प बसलेला असतो त्याच्या. मार्च २०२४ मध्ये ती व्यक्ती मी होते.

त्यात एक प्रश्न असा होता: तुमच्या उत्पादनात ओपन सोर्स घटक आहेत का, आणि असल्यास त्यांची सुरक्षितता कशी तपासली जाते? मी मागच्या वर्षीची शीट उघडली (ती भरणारा कधीच नोकरी सोडून गेलेला), त्यातलं उत्तर उचललं आणि चिकटवलं. "आम्ही वापरत असलेले सर्व बाहेरचे घटक ओपन सोर्स असून जगभरातले हजारो डेव्हलपर त्यांचा कोड सतत तपासत असतात." वाक्य छान होतं. शेवटच्या रकान्यात 'उत्तर देणाऱ्याचं नाव' असं होतं, तिथे स्वतःचं नाव टाकलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. दार, कार्ड, आग.

आता हे मी नुसतं आळसापोटी केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण माझा त्या वाक्यावर विश्वास होता! कॉलेजात असल्यापासून मी लिनक्सवाली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लॅपटॉपवरचं विंडोज उडवलं, तेव्हापासून जो भेटेल त्याला ओपन सोर्सचं महत्त्व पटवत सुटलेली. आमच्या टीममधले आर्किटेक्ट माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि बरोबर उलट्या मताचे. चार वाजताच्या चहाला आमचं भांडण ठरलेलं. त्यांचं म्हणणं, "अगं, घराचा नकाशा चौकात लावून वर म्हणायचं की आमचं घर सुरक्षित?" मी लगेच केर्कहॉफ्स काढायचे. या गृहस्थानं १८८३ साली, लष्करी गुप्तलिपीबद्दल लिहिताना, सांगून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. कुलूप कसं चालतं हे लपवून ज्याची सुरक्षा टिकते, ते कुलूपच भिकार. आजचं सगळं एन्क्रिप्शन याच तत्त्वावर उभं आहे. त्यावर ते हार्टब्लीड काढायचे, मी सोलरविंड्स. चहा संपायचा, भांडण उद्यावर.

हार्टब्लीडची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढे ती मला नडणार आहे. ओपनएसएसएल ही लायब्ररी म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याशेजारी जे कुलूप दिसतं त्यामागची एक मुख्य यंत्रणा. त्यात 'हार्टबीट' नावाची एक सोय होती. जोडलेले दोन संगणक अधूनमधून एकमेकांना हाक मारतात: आहेस ना रे? हाक मारणारा म्हणतो, हा घे शब्द, इतक्या अक्षरांचा आहे, तोच परत पाठव. ओपनएसएसएल काय करायचं, तर सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचं. चार अक्षरं पाठवून 'चौसष्ट हजार आहेत' म्हटलं, तर ती चार आणि मेमरीत त्यांच्या शेजारी जे काही पडलेलं असेल ते धरून जवळपास ६४ किलोबाइट बिनबोभाट परत. शेजारी कुणाचा पासवर्ड असेल, कुणाचं पत्र, कधी खुद्द सर्व्हरची गुप्त किल्ली. ही चूक कोडमध्ये शिरली ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री, आणि जाहीर झाली ७ एप्रिल २०१४ ला. सव्वादोन वर्षं. कोड सगळ्या जगाला उघडा, वापरणाऱ्यांत जगातल्या मोठमोठ्या कंपन्या, आणि त्यातल्या कुणालाच दिसलं नाही.

"कुठे होते तुझे हजारो डेव्हलपर?" इति आर्किटेक्ट.

माझं उत्तर तयार असे. एक म्हणजे, शेवटी सापडली ना? गूगलमधल्या नील मेहतांना आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीतल्या लोकांना, स्वतंत्रपणे. दुसरं म्हणजे सोलरविंड्स. ते तर चांगलं बंद, विकत घ्यायचं सॉफ्टवेअर. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीला आलं की त्यांच्या अधिकृत अपडेटमधूनच हेरगिरीचा कोड गिऱ्हाइकांकडे पोचवला गेला. कंपनीच्या डिजिटल सहीनिशी! सुमारे अठरा हजार गिऱ्हाइकांपर्यंत तो अपडेट गेला होता. बंद दाराआड काय चाललंय हे गिऱ्हाइकांनी बघायचं ठरवलं असतं तरी त्यांना बघता आलं नसतं. "निदान माझ्याकडे बघायची सोय तरी आहे," असं म्हणून मी कप ठेवायचे आणि जिंकल्याच्या थाटात जागेवर जायचे.

बघायची सोय. हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा.

तर, शीट पाठवून दिली आणि मी सांगलीला घरी गेले. २९ मार्चला गुड फ्रायडे, शनिवारी रंगपंचमी, मोठा वीकेंड. शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर फोन थरथरायला लागला. कॉलेजच्या ग्रुपवर एकच लिंक चार जणांनी टाकलेली. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा. त्याच्या लक्षात आलं की त्याच्या डेबियन मशीनवर एसएसएचनं लॉगिन करायला उगीच जास्त वेळ लागतोय. पाव सेकंदाच्या आसपास व्हायचं ते काम पाऊण सेकंद घेतंय. अर्धा सेकंद! मी असते तर नेटवर्कला शिवी हासडून पुढे गेले असते. हा माणूस खणत बसला. आणि खणता खणता त्याला एक्सझेड युटिल्स नावाच्या, फायली दाबून लहान करायच्या साध्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली असेल, त्याला अशा सर्व्हरवर पासवर्डशिवाय हवी ती आज्ञा चालवता आली असती.

आता फायली दाबणाऱ्या लायब्ररीचा आणि लॉगिनचा काय संबंध? मूळ एसएसएचचा काहीच नाही. पण डेबियन, फेडोरा वगैरे मंडळींनी आपापल्या एसएसएचला सिस्टिमडीशी बोलता यावं म्हणून एक जोड दिली होती, सिस्टिमडीची लायब्ररी एक्सझेड वापरत होती, आणि अशा रीतीनं शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचा पाहुणा थेट आपल्या माजघरात.

मी उठून लॅपटॉप घेतला. आमच्या प्रत्येक सर्व्हरवर जाऊन एक्सझेडचं व्हर्जन बघायला लागले. चोरदरवाजा ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होता, म्हणजे जेमतेम महिन्याभराचा. आमचे सर्व्हर उबुंटू २२.०४ वर, तिथे ५.२.५. हुश्श! जुनं वापरत राहण्याचा आळस कधी कधी असा कामाला येतो. पण व्हर्जन बघताना दर वेळी लॉगिन करावं लागत होतं, आणि दर वेळी मी त्या अर्ध्या सेकंदाकडे कान लावून बसले होते.

"एवढ्या रात्री काय गं?" बाबा.

बाबांची सगळी नोकरी बँकेत गेली. क्लार्क म्हणून लागले, ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. कॉम्प्युटरबद्दल त्यांना आदर आहे पण भक्ती नाही. एखाद्या ॲपच्या जाहिरातीत 'बँकेसारखी सुरक्षितता' असं दिसलं की ते मनापासून हसतात. मी त्यांना सगळं सांगितलं, हार्टब्लीडपासून. हार्टबीटचा किस्सा ऐकून म्हणाले, "म्हणजे स्लिपवरचा आकडा बघितला आणि नोटा मोजल्याच नाहीत." मी हे प्रकरण समजावून सांगायला दोन परिच्छेद घेतले ते तुम्ही वर वाचलेच आहेत.

मग त्यांनी विचारलं, "पण ते पास कोणी केलं? तपासलं कोणी?"

बँकेत म्हणे एकानं व्हाउचर करायचं आणि दुसऱ्यानं ते तपासून पास करायचं. मेकर आणि चेकर. करणारा आणि तपासणारा एक असता कामा नये. व्हाउचर बघायला काय, शाखेतल्या कुणालाही मिळतं. पण 'सगळे बघतात' याला बँकेत किंमत नाही, कारण सगळे बघतात म्हणजे कुणीच बघत नाही. सही करणारा एक माणूस लागतो, ज्याला उद्या विचारता येईल.

मी म्हणाले, हार्टब्लीडमध्ये होता की चेकर. एका विद्यार्थ्यानं कोड लिहिला होता आणि ओपनएसएसएलच्या एका मुख्य डेव्हलपरनं तो बघून आत घेतला होता. चूक दोघांच्याही नजरेतून सुटली. पुढे कळलं की या एवढ्या मोठ्या प्रकल्पावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक, आणि वर्षाला देणग्या यायच्या दोन हजार डॉलरच्या आसपास. आणि एक्सझेडमध्ये तर चेकरच मेकरनं पळवला होता. लासे कोलिन नावाचा फिनलंडमधला एकटा माणूस फावल्या वेळात, फुकट ती लायब्ररी वर्षानुवर्षं सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे अनोळखी नावांच्या लोकांनी लकडा लावला: किती उशीर करतोस, झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. त्यानं लिहिलंही होतं, की तब्येत ठीक नाही, मन ठीक नाही, हे बिनपगारी काम आहे. त्याच सुमाराला जिया तान असं नाव लावणारा कुणी भला माणूस मदत करत होता. व्यवस्थित, नम्र, कामसू. त्याच्याकडे हळूहळू अधिकार आले. मग नवीन व्हर्जन काढणाराही तोच. ते नाव कुणाचं हे उघड झालेलं नाही.

बाबा जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "आमच्याकडे नाजूक जागेवरच्या माणसाला सक्तीची रजा असते. वर्षातून काही दिवस घरीच बसायचं, त्याचं काम दुसऱ्यानं बघायचं. भानगडी तेव्हाच बाहेर येतात." मग थोड्या वेळानं, "आणि त्या फिनलंडच्या माणसाला रजा कोण देणार होतं?"

मला त्या रात्री जे सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच होतं. चोरदरवाज्याचे तुकडे चाचणीच्या फायली म्हणून मूळ कोडसोबतच ठेवलेले होते. मुद्दाम बिघडवलेल्या दाबलेल्या फायली, त्यात डोळ्यांना काय दिसणार? पण ते तुकडे जागे करणारी जी स्क्रिप्टची किल्ली होती, ती गिटमधल्या सार्वजनिक कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त टारबॉलमध्ये होती, म्हणजे व्हर्जन निघतं तेव्हा जी बांधलेली पुडी वाटली जाते तिच्यात. म्हणजे समजा खरोखरच हजार डेव्हलपर गिटहबवर तो कोड ओळीओळीनं वाचत बसले असते, तरी त्यांच्यासमोर असलेला कोड आणि मशीनवर चढणारा कोड हे दोन वेगळे होते. सोलरविंड्समध्ये तरी दुसरं काय झालं होतं? तिथेही मूळ कोड जागच्या जागी होता, बांधताना फाइल बदलली जात होती. मी ज्या दोन गोष्टी रोज चहाला एकमेकींच्या विरुद्ध उभ्या करत होते, त्या एकच गोष्ट होत्या.

आणि हा प्रश्न मला चार वर्षांपूर्वी विचारला गेला होता! याच घरात.

२०२० चा मे महिना. मी नोकरीत नवी, लॉकडाउनमुळे सांगलीतून काम करत होते. आरोग्य सेतू ॲप २ एप्रिलला आलं होतं, आणि १ मेच्या आदेशानं सरकारी-खासगी सगळ्या कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं झालं. मी घरात सत्याग्रह पुकारला. कोड दाखवत नाहीत, लोकेशन घेतात, मी टाकणार नाही. एका फ्रेंच संशोधकानं ॲपच्या सुरक्षेवर बोट ठेवलं, तर माहितीला कुठलाही धोका नाही असा खुलासा आला. एकानं म्हणायचं भोक आहे, दुसऱ्यानं म्हणायचं नाही, आणि आपण दोन्ही फॉरवर्ड करायचं. मग २६ मेला सरकारनं ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहबवर टाकला, रीतसर अपाची लायसन्सखाली, चुका शोधणाऱ्याला बक्षीससुद्धा लावलं. मी खूश. बाबांना म्हणाले, आता बघा, सगळं उघडं आहे, कुणीही तपासावं.

बाबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे तू दाखवतेस ते, आणि माझ्या फोनवर आलंय ते, एकच कशावरून?"

मी तेव्हा काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुतेक 'अहो बाबा, असं नसतं' असं काहीतरी. पण असंच असतं. ॲप ज्या सर्व्हरशी बोलतं तो कोड त्या दिवशी बाहेर आला नव्हता, आणि फोनवरचं ॲप नेमकं त्याच कोडमधून बांधलंय हे माझ्यासारखीला ताडून बघायची सोय नव्हती. कोड टाकला हे चांगलंच केलं, माझं त्याबद्दल आजही तेच मत आहे. पण मी वाचला का तो? फायलींची नावं वाचली. दोन ठिकाणी क्लिक केलं. स्टार दिला. मग बाबांच्या फोनवर ॲप राहिलं आणि माझ्याही आलं. (केन थॉम्पसननं १९८४ सालीच एका भाषणात दाखवून दिलं होतं की कोड निर्मळ असूनही तो भाषांतरित करणारा कंपायलर बदमाश असेल तर काहीच दिसणार नाही. डेबियनवाले २०१३ पासून याच दुखण्यावर काम करतायत: कोड तोच असेल तर कुणीही, कुठेही बांधला तरी शेवटी बिट न् बिट तीच फाइल निघाली पाहिजे. म्हणजे बाबांच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. चिकाटीचं काम आहे, त्याच्या फार बातम्या होत नाहीत.)

रंगपंचमीला मी घराबाहेर पडले नाही. शीट उघडली आणि माझं ते वाक्य परत वाचलं. "हजारो डेव्हलपर सतत तपासत असतात." खाली माझं नाव.

सोमवारी ऑफिसात आल्यावर पहिलं काम केलं ते आमच्या प्रॉडक्टमध्ये काय काय आहे त्याची यादी काढायचं. आम्ही स्वतः निवडलेल्या लायब्ऱ्या चाळीसेक. त्यांच्या पोटातल्या, त्यांच्या पोटातल्यांच्या पोटातल्या धरून हजाराच्या वर. कितीतरी एकट्यादुकट्या माणसानं चालवलेल्या. आमच्यापैकी कुणी किती वाचल्या? टीममध्ये विचारलं. एकानं एकदा एका लायब्ररीतला बग शोधताना दोन फायली वाचल्या होत्या. बस.

यादी काढली तर लायसन्सचा रकानाही भरू म्हटलं, आणि तिथे दुसरा दणका बसला. 'सर्व घटक ओपन सोर्स' हा माझ्या वाक्याचा पूर्वार्ध. तोही खोटा निघाला.

इथे थोडं व्याख्येचं बोलायला हवं, कारण हा शब्द आपण फार सैल वापरतो. कोड दिसला म्हणजे ओपन सोर्स नव्हे. १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था निघाली, तिनं डेबियनच्या नियमावलीवरून दहा कलमी व्याख्या केली. त्यात वाचण्याबरोबर बदलण्याची आणि वाटण्याची मुभा लागते, आणि महत्त्वाचं म्हणजे कुणी, कशासाठी वापरायचं यावर बंधन चालत नाही. धंद्यासाठी वापरू नका अशी अट घातली की संपलं. मग तो कोड उघडा असेल, दिलदार असेल, ओपन सोर्स नसतो. गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी ही रेघ ओलांडली आहे. मोंगोडीबीनं २०१८ मध्ये, हॅशिकॉर्पनं २०२३ मध्ये. रेडिसनं तर ही घोषणा केली २० मार्च २०२४ ला, एक्सझेडच्या नऊ दिवस आधी, आणि २८ तारखेला जुन्या मोकळ्या कोडवरून व्हॅल्की नावाची वेगळी चूल मांडली गेली. (रेडिस २०२५ मध्ये एजीपीएल घेऊन परत ओपन सोर्सच्या आत आलं, ही त्यानंतरची गोष्ट.) त्या कंपन्यांची बाजूही मला कळते. यांनी राबायचं आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तेच भाड्यानं देऊन पैसे करायचे, हे कुणाला आवडेल? तुमचं तुम्ही ठरवा, लायसन्स बदला. फक्त शब्द तोच ठेवू नका. माझा मेटावर राग आहे तो यासाठी. लामा मॉडेलला ओपन सोर्स म्हणायचं, आणि महिन्याला सत्तर कोटींच्या वर वापरकर्ते असतील तर वेगळी परवानगी घ्या असं लायसन्समध्ये लिहायचं. सत्तर कोटींची अट मला आयुष्यात कधी लागणार नाही, पण म्हणून ती अट नाही असं होत नाही ना.

तर आमच्या यादीत आलेख काढायची एक लायब्ररी होती. कोड गिटहबवर, साइटवर ठिकठिकाणी 'ओपन' हा शब्द. लायसन्सची फाइल उघडली तर तिसऱ्या परिच्छेदात: शिक्षण आणि वैयक्तिक वापरासाठी मोफत, धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा. आम्ही दोन वर्षं ती विकायच्या प्रॉडक्टमध्ये वापरत होतो. घेतली कुणी? कमिट बघितलं. मीच घेतली होती. लिनक्सवाली मी.

टीम लीडला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण आलेखांच्या लायब्ररीपेक्षा शीटमुळे जास्त. "अगं, सगळे हेच लिहितात त्या प्रश्नाला. ते लोक वाचतसुद्धा नाहीत. आत्ता तू स्वतःहून बदललंस तर डील अडकेल." मी म्हणाले, खाली माझं नाव आहे. तो म्हणाला, "मग तुझं नाव आहे तर तू ठरव." हे वाक्य त्यानं चिडून म्हटलं की मोकळीक म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

दोन दिवस ठरेना. आर्किटेक्टना विचारलं. मला वाटलं ते म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो? तसं काही म्हणाले नाहीत. चहाचा कप फिरवत म्हणाले, "मागच्या कंपनीत मी पण हेच लिहायचो. फक्त आमचं बंद होतं, म्हणून मी लिहायचो की कोड गोपनीय असल्यामुळे सुरक्षित आहे." मग दोघंही हसलो, जरा जास्तच.

शेवटी मी उत्तर बदललं. नवीन उत्तर दिसायला अगदी गरीब होतं. इतके घटक आहेत, ही यादी. यांपैकी एवढ्यांचं लायसन्स आम्ही बघितलंय, एक चुकीचं सापडलंय, ते काढतोय. कोड आम्ही वाचलेला नाही. जाहीर झालेल्या त्रुटींशी यादी रोज ताडून बघणारं टूल या आठवड्यात बसवलंय, आणि नवीन व्हर्जन आल्या दिवशीच न उचलता थोडं थांबतो. पाठवायचं बटण दाबताना पोटात गोळा आला होता.

क्लायंट वाचत होता. कॉल झाला, यादीवर प्रश्न आले, काही प्रश्नांना मला 'बघून सांगते' म्हणावं लागलं. आलेख काढायची लायब्ररी बदलायला तीन आठवडे गेले आणि मधल्या काळात मागच्या दोन वर्षांचे परवान्याचे पैसे कंपनीनं भरले. डील झालं, दीड महिना उशिरा. तो दीड महिना मला अप्रेझलमध्ये परत भेटला, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.

असो. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. महिन्यातून एक शनिवार त्या हजारांतली एक लायब्ररी घ्यायची, लहानशी, आणि खरोखर वाचायची. गिटमधली आणि आपल्याकडे उतरलेली, दोन्ही ताडून. हे म्हणजे समुद्रातून चमच्यानं पाणी काढण्यासारखं आहे हे मला माहीत आहे. पहिले तीन शनिवार काहीच मिळालं नाही, झोप मात्र छान लागली. चौथ्या वेळी तारखा वाचणाऱ्या एका लायब्ररीत एक बारीकशी चूक सापडली. सुरक्षेबिरक्षेची नाही, लीप वर्षाची. मी तीन ओळींची दुरुस्ती करून पाठवली आणि चहा टाकायला उठले.

परत आले तर दुरुस्ती आत घेतलेली होती. चार मिनिटांत. चाचण्या अजून चालूच होत्या.

खाली त्या माणसाचा निरोप होता. मनापासून आभार, मी एकटाच बघतो हे सगळं, नोकरी सांभाळून होत नाही आताशा. तुमचं काम नीटनेटकं दिसतंय. तुम्हाला अधिकार देऊन टाकू का?

तो मला ओळखत नाही. माझं नाव, एक फोटो आणि तीन ओळी, एवढंच त्याच्याकडे आहे. मी तो निरोप बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "हो म्हण. पण त्याला सांग, आधी तुझी चौकशी करायला."

निरोप येऊन आठवडा झाला. उत्तर लिहायला घेते आणि पुसते.